रूथ शेतात असताना

"मदुवी आगेद एन्?"

इंजेक्शन देऊन झालं, कापसाचा बोळा दंडावर दाबून धरला, की अक्कलकोटातल्या बहुतेक आज्ज्या मला हा प्रश्न विचारतात. लग्न झालंय का? मी नर्स आहे. नऊ वर्षांपूर्वी इथं नोकरीला आले तेव्हा मला कन्नड येत नव्हतं. माझे पहिले शब्द होते 'कैय' आणि 'नोव'. हात, दुखणं. त्यानंतरचा शब्द 'इल्ला', म्हणजे नाही, आणि तो मी औषधापेक्षा या प्रश्नाला उत्तर देतानाच जास्त वापरला आहे. इल्ला म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: "याक?" का नाही?

एकदा अफजलपूरच्या बाजूची एक म्हातारी आली होती. गुरुवार होता, स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडे जाणारे रस्ते भरलेले होते आणि ती दर्शन उरकून ताप घेऊनच आमच्याकडे आली. तिनं काही विचारलं नाही. माझ्या मोकळ्या कपाळाकडं आणि मोकळ्या गळ्याकडं पाहिलं आणि स्वतःच उत्तर काढलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "होगली बिडव्वा." जाऊ दे बाळ. पदराची गाठ सोडून मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या. ती मला विधवा समजली होती. मी तिची समजूत दुरुस्त केली नाही, कारण इतक्या मायेनं दिलेलं काही परत करता येत नाही.

त्या रात्री ड्यूटीवर शेंगा सोलताना मला जाणवलं, की त्या आजीच्या हिशेबात बाईच्या तीनच अवस्था होत्या: नवरा यायचा आहे, नवरा आहे, नवरा गेला. मी कुठल्या तरी एका खणात बसायलाच हवं होतं. आणि मग मनात आलं, आमच्या मंडळीत तरी चौथा खण आहे का?

माझी मंडळी सोलापुरात आहे. अक्कलकोटात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी सुट्टी असली की सकाळच्या एसटीनं चाळीसेक किलोमीटर जाते, उपासना करून दुपारी परत येते. पणजी बायबलबाई होती. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ती गावोगाव चालत जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायची. म्हणजे चर्चमधल्या त्या बाकांवर आमच्या घरच्या चार पिढ्या बसल्या आहेत. उपासनेनंतर चहाचा कप हातात देताना महिला मंडळातल्या काकू हळूच सांगतात, "तुझ्यासाठी प्रार्थना चालू आहे हं." कशासाठी हे सांगावं लागत नाही. त्यांची प्रार्थना खरी आहे आणि ती मला हवी आहे. मला लग्न करायचं आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहिते. तेहेतीस वर्षांच्या बाईनं ते लिहिताना लाजावं असं त्यात काही नाही.

प्रश्न आहे तो तयारीचा. मुलीनं लग्नाची तयारी करायची म्हणजे काय करायचं?

एकोणिसाव्या वर्षी तरुण संघाच्या शिबिरात आम्हा मुलींना वेगळ्या खोलीत बसवून नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचून दाखवला होता. सद्गुणी स्त्री. पहाटे उठणारी, सूत कातणारी, घरच्यांना किरमिजी वस्त्रं घालणारी, जिचा दिवा रात्री विझत नाही. मग वही काढायला सांगितली. एका पानावर होणाऱ्या नवऱ्यात हवे असलेले दहा गुण, दुसऱ्या पानावर स्वतःत आणायचे दहा गुण. त्या वेळी मुलं बाहेर क्रिकेट खेळत होती. ते बरोबर नाही असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. मी मन लावून वीसच्या वीस ओळी लिहिल्या.

बऱ्याच वर्षांनी तोच अध्याय मी पहिल्या ओळीपासून वाचला. शिबिरात दहाव्या वचनापासून वाचतात. पहिल्या वचनात म्हटलंय, की लमुएल राजाला त्याच्या आईनं दिलेली ही शिकवण आहे. आईनं मुलाला दिलेली! बाईनं कसं असावं याची यादी म्हणून आम्हाला वाचून दाखवलेला अध्याय मुळात एका आईनं आपल्या मुलाला बसवून सांगितला आहे: दारूपासून सांभाळ, मुक्यांसाठी तोंड उघड, गरिबाचा न्याय कर, आणि बाईचं मोल काय असतं ते ओळखायला शीक. खोलीत मुलग्यांना बसवायला हवं होतं.

आणि त्या अध्यायातली बाई तरी कशी आहे? ती शेत पाहते, विचार करते, विकत घेते. आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. कापड विणून व्यापाऱ्याला देते. सोलापूरच्या मुलीला हे परकं वाटू नये. आमच्या शहराचं पोट मागावर आणि चादरींवर भरलं आहे आणि त्यात बायकांच्या बोटांचा वाटा किती आहे ते पूर्व भागातल्या गल्ल्यांतून चाललं तरी दिसतं. पण शिबिरात आम्हाला तिचा स्वयंपाक सांगितला. तिचा सातबारा कुणी सांगितला नाही.

मी पाळकसाहेबांना विचारलं, सद्गुणी म्हणजे मूळ हिब्रूत काय? त्यांनी जाडजूड कोश काढून दाखवला. शब्द आहे 'हायिल'. बळ, सामर्थ्य, ऐपत. सैन्यालासुद्धा हाच शब्द लागतो. मग त्यांनी आणखी एक जागा दाखवली, आणि तिथं माझं सगळं गणित बदललं. 'हायिल'ची स्त्री असं संपूर्ण शास्त्रात एकाच खऱ्याखुऱ्या, नावानिशी बाईला म्हटलं आहे. रूथला. तिसऱ्या अध्यायात बवाज तिला तसं म्हणतो, आणि सारं गाव हे जाणून आहे असंही सांगतो. त्या घटकेला रूथ कोण आहे? परक्या मवाब देशातून आलेली, नवरा मेलेली, मूल नसलेली, सासूबरोबर राहून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी बाई. तिला नवरा नाही, तिचा संसार नाही, पहाटे उठून जिला वस्त्रं घालावीत असं घरचं कुणी नाही. लग्न पुढच्या अध्यायात आहे. ती पूर्ण ठरली ती शेतात असताना.

ज्वारीची काढणी झाली की अक्कलकोटच्या शिवारात आजही बायका सरवा वेचतात. खाली वाकून, उन्हात, राहिलेलं एकेक कणीस ओच्यात घेत. संध्याकाळी त्याच बायका कंबरदुखीसाठी आमच्याकडे येतात. मी त्यांच्या पाठी दाबून पाहते तेव्हा मला रूथ पोथीतली वाटत नाही.

आणखी एक. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बवाजची ओळख करून देताना त्यालाही 'हायिल' हाच शब्द लावला आहे. तो पुरुषाला लागला की भाषांतरांत त्याची संपत्ती होते, पराक्रम होतो. बाईला लागला की सद्गुण होतो. मूळ शब्द एकच. लिहिणाऱ्याला सांगायचं होतं, की ही दोघं तोलामोलाची आहेत. एकाकडे शेत आहे, दुसरीकडे ओच्यातले सातू, तरी तोल सारखा.

जोडीच्या तोलाबद्दल मला जे कळलं ते मात्र कोशातून नाही, घरमालकांकडून. ट्रॅक्टरच्या दिवसांतही त्यांनी बैलांची एक जोडी ठेवली आहे. कारहुणवीला, म्हणजे इकडच्या बैलांच्या सणाला, शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात, पुरणपोळी आधी बैलांना. एका वर्षी जोडीतला एक बैल गेला. सिद्धेश्वराच्या यात्रेत भरणाऱ्या जनावरांच्या बाजारातून त्यांनी दुसरा आणला: तोच पांढरा रंग, तशीच शिंगं, लोक म्हणायचे भाऊ शोभतात. पंधरा दिवसांत जुन्या बैलाचा खांदा आला. सुजून लालबुंद. मी ड्रेसिंगच्या सामानातलं मलम नेऊन दिलं तेव्हा मालक म्हणाले, "सिस्टर, जोडी रंगानं जमत नाही, चालीनं जमते. नवा पुढं ओढतो, जुना मागं राहतो. तास वाकडं येतं आणि खांदा फुटतो."

विजोड जुवाखाली जाऊ नका, असं पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात हे वचन येतंच येतं. त्या ठिकाणी तो नेमका लग्नाविषयी बोलत नाही, तिथं त्याचा विषय अधिक मोठा आहे. पण विधवांना पुन्हा लग्न करायचं तर प्रभूमध्ये करा असं तो पहिल्या पत्रात सांगतो, म्हणून मी ते वचन लग्नालाही लावते, आणि मनापासून मानते. जुवाचं हे चित्र त्याच्याही आधीचं आहे. अनुवादाच्या पुस्तकात बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये असा नियम आहे. त्यात गाढवाची निंदा नाही. दोघांची चाल वेगळी, एवढंच. मालकांनी सांगितलं तेच.

हे मी स्वतःवर दोनदा लावून पाहिलं आहे.

अठ्ठावीस वर्षांची असताना एका सहकाऱ्यानं मला विचारलं. लिंगायत घरातला, सरळ, कष्टाळू माणूस. रात्री-अपरात्री रक्ताची पिशवी आणायला सोलापूरला मोटारसायकलवर जाणारा. म्हणाला, "तुम्ही तुमची प्रार्थना करा, मी कधी आडवा येणार नाही." मी दोन महिने विचार केला. रडलेसुद्धा. शेवटी नाही म्हटलं, आणि ते नाही त्याच्या धर्माला नव्हतं, त्याच्या घराण्याला तर नव्हतंच. माझ्या हातात एखादं मूल जातं त्या रात्री मी गुडघ्यावर येते. माझं उभं राहणं तिथूनच सुरू होतं. त्या वेळी आडवा न येणारा माणूस चांगलाच. पण मला शेजारी गुडघे टेकणारा हवा होता. आडवं न येणं आणि सोबत चालणं यांत अंतर आहे. दोन वेगळ्या विश्वासांची माणसं सुखानं नांदताना मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात किंतू नाही, आणि अशा जोडप्यांनी एकमेकांना सोडू नये हेही पौलानंच लिहिलं आहे. मी फक्त माझ्या चालीबद्दल बोलते आहे.

दुसरं स्थळ ख्रिस्ती. मोठ्या शहरातलं, नोकरी पक्की, मुलगा चर्चच्या गायकवृंदात. सगळी मंडळी आनंदली. फोनवर त्यांच्या घरून पहिला प्रश्न आला, "तुम्ही मूळचे कोण?" म्हणजे ख्रिस्ती होण्याआधी कोणत्या जातीचे. दुसरा, पगार आईंच्या हाती देण्याची पद्धत तुम्हाला चालेल ना. तिसरा, रात्रपाळी करणारी सून म्हटल्यावर लोक काय म्हणतील. हुंडा नको होता, फक्त लग्न चांगलं करून द्यायचं होतं. मुलाशी मी एकटीनं बोलले, अर्धा तास. त्यात तो दोनदा म्हणाला, "आईला विचारून सांगतो." मी नाही म्हटलं. काकू कळवळून म्हणाल्या, "अगं, ख्रिस्ती मुलगा होता ना!"

होता. रंग जुळत होता, शिंगंही.

मूळच्या प्रश्नावर मला थांबायलाच हवं, कारण त्याबद्दल आमच्या मंडळ्यांत कुजबुजीपलीकडे बोललं जात नाही. माझी पणजी ज्या मेजाशी प्रभुभोजनाला बसली तिथं प्याला एकच होता. पूर्वी जे एका पाणवठ्यावर येऊ शकत नव्हते ते त्या एका प्याल्याला ओठ लावत होते. त्यासाठी माणसांनी घरं सोडली, मार खाल्ला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं तेव्हा सवलतीही गमावल्या. आणि चार पिढ्यांनंतर सोयरीक जुळवताना आपण विचारतो, मूळचे कोण? ज्या प्याल्यानं आपण एक झालो तो रविवारचा, आणि लग्न मात्र सोमवारचं, असं असेल तर आपलं प्रभुभोजन खोटं आहे. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

एकट्या ख्रिस्ती बाईच्या आयुष्याविषयी विचार करताना मला पंडिता रमाबाईंकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्यांनी १८८०मध्ये बिपिन बिहारी मेधावींशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी, नोंदणी पद्धतीचं लग्न, आणि निर्णय स्वतःचा. १८८२च्या फेब्रुवारीत ते वारले. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला १८८३च्या सप्टेंबरात, इंग्लंडमध्ये वाँटेजला. म्हणजे मराठी मुलखातली ही सर्वांत थोर ख्रिस्ती स्त्री ख्रिस्ती म्हणून एक दिवसही कुणाची पत्नी नव्हती. जवळजवळ चाळीस वर्षं. त्या वर्षांत शारदा सदन उभं राहिलं, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली तिथं आल्या. त्या मुलींना शेती शिकवली, गोठा, तेलघाणा, विणकाम, छापखाना. काहींची लग्नं झाली, काही तिथंच काम करत राहिल्या. पण घाणा चालवायला दोन्हीकडच्या मुलींना शिकवलं. दहा कुमारींच्या दाखल्यात पाच जणींनी दिव्याबरोबर भांड्यात जादा तेल आणलेलं असतं आणि ते उसनं देता येत नाही. आम्हाला तो नेहमी वाट पाहण्याचा दाखला म्हणून शिकवला गेला. केडगावच्या मुली तेल स्वतः काढत होत्या.

आणि रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, साध्या बायकांना समजेल अशा भाषेत. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ला ते बाहेर पडलं. खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या बायकांचेच.

त्यांची मुलगी मनोरमा अविवाहित राहिली. तिनं गुलबर्ग्याला मुलींची शाळा चालवली, तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. अक्कलकोट रोड स्टेशनावर गाडीत बसलं की पुढं गुलबर्गाच येतं. आमच्याकडचे पेशंट मोठ्या दवाखान्यासाठी कधी सोलापूर धरतात, कधी गुलबर्गा. रुग्णाबरोबर तिकडं जाताना मला दर वेळी आठवतं, की या वाटेवर आपल्या आधी एक एकटी बाई येऊन गेली आहे. १९२१मध्ये, आईच्या आधी ती गेली. तिच्या चरित्राला कुणी वाट पाहण्याचं चरित्र म्हणू शकणार नाही.

याउलट लक्ष्मीबाई टिळक. लग्न १८८०च्या सुमारास, वय अकरा-बारा, विचारतो कोण! १८९५च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, काही काळ आमच्याच जिल्ह्यात पंढरपुरात. मग त्या नवऱ्याकडे परतल्या, पण परतताना आपला धर्म सोडून नाही. सोवळं सांभाळून, डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या पायांनी. बाप्तिस्मा १९००ला, स्वतःची खात्री पटल्यावर. 'स्मृतिचित्रे' वाचून मिटलं तेव्हा मला वाटलं, लक्ष्मीबाईंचं खरं लग्न हे दुसरं. पहिल्या वेळी त्यांना होकार द्यायला जागाच नव्हती. नाही म्हणता येत असताना हो म्हटलं, तेच लग्न.

इथं माझं म्हणणं आलं. लग्नाची तयारी म्हणजे पसंत पडण्याची तयारी, असं आपण मुलींना शिकवतो. रंग उजळ, स्वयंपाक, नमतं घेणं, वजन. मला वाटतं, तयारी आहे ती वेदीपुढं उभं राहून खरा होकार देण्याची. आणि जिला नाही म्हणता येत नाही तिच्या होकाराला अर्थ नाही. पाळक साऱ्या मंडळीसमोर दोघांना तोच प्रश्न विचारतो, दोघं तेच वचन देतात, मरेपर्यंतचं. एवढं मोठं वचन देणारं माणूस आधी पूर्ण उभं असायला हवं. शेतात असताना.

म्हणून माझ्या तयारीत कायदाही आहे. पप्पांना हे आवडलं नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२चा. लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावायचं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मी घटस्फोटाचा कायदा काढला तेव्हा म्हणाले, "लग्नाआधीच हे अशुभ कशाला?" १८६९च्या त्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. हे २००१मध्ये बदललं. माझ्या आजीची एक बहीण बावीस वर्षं मार खात राहिली. सगळे म्हणत, तिनं क्रूस उचलला. तो क्रूस नव्हता. ख्रिस्तानं क्रूस स्वतःहून उचलला होता. हिला वाटच नव्हती. मी पप्पांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी कपाटातून घराचे कागद काढले आणि भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, तो माझाही आहे, हे भावासमोर वाचून दाखवलं. त्या दिवशी माझी जितकी तयारी झाली तितकी कुठल्या शिबिरात झाली नाही.

इफिसकरांच्या पत्रातलं स्त्रियांनी नवऱ्याच्या अधीन असावं हे वचन लग्नात वाचतात, बाविसाव्यापासून. एकविसावं सोडून. त्यात एकमेकांच्या अधीन असा म्हटलंय; आणि सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्याला स्वतःचं क्रियापदच नाही, ते एकविसाव्यातून घ्यावं लागतं. एक वाक्य मधोमध कापून आपण अर्धं नवरीच्या हातात देतो.

आणि शरीर. त्याबद्दल मंडळीत आम्हाला एकच सूचना मिळाली: शुद्ध राहा. ती मी पाळली, कुणाच्या भीतीनं नाही. पण नर्स म्हणून मी रोज पाहते, की नव्या नवऱ्या किती अज्ञानात आणि किती भयात येतात. गीतरत्न शास्त्रात आहे, आणि त्यात बाई आधी बोलते. लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करा म्हटलं की घरचे दुखावतात, जणू मी मुलावर आळ घेतला. पौलानं तर बायकोचा नवऱ्याच्या शरीरावर तितकाच अधिकार सांगितला आहे जितका नवऱ्याचा बायकोच्या. त्या काळात हे केवढं बोलणं होतं!

सगळं असं निभावून जातं असं नाही. चोवीस डिसेंबरच्या रात्री सोलापुरात घरोघर गाणी गाऊन झाली, की जोडपी आपापल्या दुचाकीवर बसतात आणि मी भावाच्या रिकाम्या खोलीत झोपायला जाते. त्या रात्रीचा एकटेपणा प्रार्थनेनं जात नाही. प्रार्थनेत तो सांगता येतो. अविवाहित राहणं हेही दान आहे असं पौल म्हणतो. मला ते दान मिळालंय का, ठाऊक नाही. मी ते मागितलेलं नाही. देव जे देईल ते घेईन, पण माझं आजचं आयुष्य त्यानं दिलेलं नाही, नंतर काही देणार आहे म्हणून थांबवून ठेवलंय, असं मी मानणार नाही. आजच्या ओच्यातलं धान्यही त्याचंच.

दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी मुलींचा वर्ग माझ्याकडे दिला. विषय तोच, लग्नाची तयारी. मी एकच अट घातली: खोलीत मुलगेही बसतील. पहिल्या वेळी चार आले, भिंतीला टेकून, दाराकडं बघत. मी लमुएलच्या आईपासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी त्यातल्या एकानं विचारलं, "बवाजनं रूथला मूळची कोण असं का नाही विचारलं?" मी म्हटलं, त्याला माहीत होतं. ती मवाबी आहे हे गावभर माहीत होतं, आणि तरी त्यानं तिला हायिलची स्त्री म्हटलं.

पुढचा वर्ग काढणीच्या दिवसांत ठेवला आहे, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर. रूथचे चारही अध्याय घरून वाचून या, फार तर अर्धा तास लागतो. ज्यांच्या घरी लग्नाचे मुलगे आहेत त्यांनी त्यांना पाठवा.